आंधळ्याची चाल

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या परंपरेत आणखी एक नाव आहे, आणि ते आपण चारचौघांत सहसा घेत नाही. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. बळीराजाची रांगोळी आपण काढतो, पतीला ओवाळतो, व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. पण याच तिथीला शंकर-पार्वती द्यूत खेळले, पार्वती जिंकली आणि महादेव हरले, ही कथा सांगताना घरातली वडीलधारी मंडळी थोडी हसतात आणि विषय फराळाकडे वळवतात. तरीही फराळाची ताटे उचलली गेली, दिवे मंदावले, की कुणीतरी हळूच पत्त्यांचा जोड काढतो. मुले झब्बू आणि बदामसात खेळतात, आजीआजोबांचा मेंढीकोट रंगतो, आणि कोपऱ्यातल्या चटईवर मोठ्यांचे तीन पत्ते सुरू होतात.

या तीन पत्त्यांचा इतिहास लिहावा असे माझ्या मनात पुष्कळ दिवस होते, आणि त्याचे कारण माझा पत्ता आहे. मी छावणीचा रहिवासी. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे माझ्या पिढीच्या तोंडातले औरंगाबाद, खाम नदीच्या एका अंगाला वसले आहे. नदी ओलांडली की छावणी लागते. शहरात दरवाजे, मशिदी आणि गल्ल्या. छावणीत सरळ रस्ते, बराकी, जुने बंगले आणि दर गुरुवारचा बाजार. दोन्हीकडची भाषा थोडी वेगळी, खाणे थोडे वेगळे आणि पत्त्यांचे खेळही थोडे वेगळे. आमच्या आळीत पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ लोक होते. पाने न पाहता चाल करणाऱ्या माणसापुढे काय करावे, यावर ही मंडळी तासन्‌तास वाद घालीत. मला तेव्हा वाटे, हा रिकामपणाचा उद्योग आहे. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की याच प्रश्नावर या मुलखात राज्ये मिळाली आहेत आणि गेलीही आहेत.

प्रथम खेळ कुठून आला ते पाहू. पत्ते आपल्याकडे नवे नाहीत. बाबराने आपल्या आठवणींत १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. ती गोल पाने मोगलांबरोबर दक्षिणेत आली आणि इथल्या चित्रकारांनी त्यांवर दशावतार रंगवले. मोगली गंजिफ्यात आठ रंगांची ९६ पाने, तर दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची १२० पाने. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ही कला आजवर टिकवली. पण गंजिफा खेळलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. तो खेळ स्मरणाचा आहे. कोणते पान पडले, कोणते राहिले, हे ज्याच्या ध्यानात राहते तो जिंकतो. हातात काही नसताना आहे असे भासवणे, प्रतिपक्षाला दटावून उठवणे, हा प्रकार त्यात नाही. तो आला बावन्न पानांच्या विलायती जोडाबरोबर, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पलटणीबरोबर.

इंग्लंडात ‘ब्रॅग’ नावाचा एक जुना खेळ आहे. ब्रॅग म्हणजे बढाई. पत्त्यांच्या नियमांचा मोठा अधिकारी समजला जाणारा एडमंड हॉइल याने १७५१ मध्ये या खेळावर एक छोटे पुस्तक लिहिले. तीन पानांचा ब्रॅग आणि आपले तीन पत्ते शेजारी ठेवून पाहा. दोहोंत प्रत्येकाला तीनच पाने. दोहोंत सर्वांत वर एकाच दर्जाची तीन पाने, त्याखाली एका रंगाचा क्रम, मग साधा क्रम, मग नुसता रंग, मग जोडी आणि शेवटी सुटी पाने. दोहोंत पाने न पाहता खेळण्याची मुभा, आणि तसे खेळणाऱ्याला अर्धी रक्कम. आणि सर्वांत बोलका नियम असा : ज्याने पाने पाहिली आहेत त्याला आंधळ्याकडे शो मागता येत नाही. ब्रॅगचा हा नियम आपल्याकडेही पुष्कळ घरांत जसाच्या तसा पाळतात. क्रम एकवेळ योगायोगाने जुळेल, पण इतका विचित्र नियम दोन देशांत आपोआप उगवत नाही. तीन सारख्या पानांना इंग्रज ‘प्रायल’ म्हणतात, आपण ‘ट्रेल’ म्हणतो. हे ध्वनिसाम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. फरक एवढाच, की ब्रॅगमध्ये तीन तिऱ्या सर्वांत भारी. आपल्याकडे तो मान तीन एक्क्यांना मिळाला. एक्क्याला तिरीने हरवावे हे आपल्या लोकांना बहुधा पटले नसावे!

छावणी ही अशा देवघेवीची जागाच होती. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभारली. पुढे तिचेच हैदराबाद काँटिंजंट झाले. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर अशा ठिकाणी तिची ठाणी होती. या फौजेचा पगार तुंबत गेला आणि अखेर १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. १८५७ च्या जूनमध्ये याच औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाच्या स्वारांनी दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जाण्याचे नाकारले. पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने तो उठाव मोडला आणि कित्येकांना देहान्त शिक्षा झाली. १९०३ मध्ये हे काँटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाले. या नव्वद वर्षांत एका बाजूला इंग्रज अधिकाऱ्यांचे मेस आणि दुसऱ्या बाजूला देशी स्वारांच्या बराकी, असा शेजार होता. पगाराचा दिवस आणि लांबलेली संध्याकाळ या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे पत्ते येतातच.

आता खेळाच्या गाभ्याकडे वळतो. घरच्या मंडळींनी पैशाऐवजी चिंचोके घ्यावेत. हिशोब तोच राहतो आणि भांडण होत नाही.

बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी ट्रेल फक्त ५२. एका रंगाचा क्रम ४८. साधा क्रम ७२०. नुसता रंग १,०९६. जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात सुट्या पानांचे. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात काहीच नसलेले! चौकस वाचकाच्या एक गंमत लक्षात आली असेल. एका रंगाचा क्रम ट्रेलपेक्षाही दुर्मिळ आहे, तरी मान ट्रेलला अधिक. ज्या कुणी हा खेळ बसवला त्याने आकडेमोड केली नव्हती, आणि नंतरच्यांनी वडिलांची रीत मोडली नाही.

समजा, आपण पाने पाहिली आणि नव्व्यांची जोडी आली. समोरचा माणूस आंधळा खेळतो आहे आणि दर फेरीला रक्कम वाढवतो आहे. त्याचा आवेश मोठा, हात उंच, आवाज चढा. नव्व्यांच्या जोडीला भारी पडणारे हात मोजले तर ते ३,३५६ भरतात. (जोडीला जोडी भिडल्यावर तिसऱ्या पानाचा बारीक हिशोब मी सोडून देतो.) म्हणजे न पाहिलेल्या पानांपुढे आपण शंभरांत सुमारे पंच्याऐंशी वेळा वर आहोत. आंधळ्याचा आवेश त्याच्या पानांविषयी काहीच सांगत नाही, कारण ती त्यालाही ठाऊक नाहीत. इथे घाबरण्याचे काही कारण नाही.

आता तोच माणूस पाने पाहतो, आणि पाहिल्यावरही तीच मोठी चाल करतो. पुष्कळ लोक इथे चुकतात, कारण आपली नव्व्यांची जोडी तीच आहे, तेव्हा तिची किंमतही तीच असे ते समजतात. पण तो जर जोडीखालचा प्रत्येक हात टाकून देणारा सावध मनुष्य असेल, तर त्याच्या हातात आता २२,१०० प्रकार राहिले नाहीत, ५,६६० राहिले. त्यांत आपल्याला भारी तेच ३,३५६. म्हणजे आपण शंभरांत एकेचाळीस वेळाच जिंकू. पान बदलले नाही, खेळाडू बदलला नाही. त्याने फक्त पाने पाहिली, आणि आपली जोडी पंच्याऐंशीवरून एकेचाळीसवर आली.

आणि हाच माणूस सावध नसून आक्रमक असेल तर? तो दर दोन खऱ्या हातांमागे एक पोकळ हातही तितक्याच जोराने खेळत असेल, तर आपली जोडी पुन्हा शंभरांत साठ वेळा वर येते. पंच्याऐंशी, एकेचाळीस, साठ! तिन्ही वेळा आपल्या हातात तीच पाने आहेत. म्हणून आळीतले जाणते खेळाडू नवख्याला ‘तुझ्याकडे काय आहे’ हे विचारीत नसत. ‘तो कोण आहे’ हे विचारीत.

एवढ्यावर निर्णय होत नाही. डावात किती पडले आहे आणि शो मागायला किती लागतील, हेही पाहावे लागते. डावात तीस चिंचोके आहेत आणि शोला दहा लागतात असे धरा. चार वेळा शो मागून तीनदा हरलो, तर तीस गेले. एकदा जिंकलो, तर तीस आले. म्हणजे चारांत एकदा जिंकण्याची खात्री असेल तर शो मागण्यात नुकसान नाही. सावध माणसापुढे नव्व्यांची जोडी शंभरांत एकेचाळीस वेळा जिंकते; तेव्हा शो मागावा. पण चाल वाढवू नये, कारण वाढवल्यावर तो हलके हात टाकून देईल आणि भारी हातांनीच आपल्याला भिडेल. शूर माणूस चाल वाढवतो, भित्रा पाने टाकतो, आणि शहाणा पुष्कळदा नुसता शो मागतो. मधला मार्ग दिसायला नीरस असतो. आयुष्यातही तो तसाच असतो.

खरी अडचण आंधळ्याची आहे, कारण त्याच्याकडे शो मागता येत नाही. तो एक टाकतो तेव्हा आपल्याला दोन टाकावे लागतात. डावात आधी पडलेले सोडून दिले, तर नुसत्या या पुढच्या फेऱ्यांचा हिशोब जुळण्यासाठी आपण तिनांत दोनदा तरी जिंकले पाहिजे. नाहीतर वरचढ पाने असूनही आपण झिजत जातो. कोणतीही जोडी या कसोटीला उतरते. सुट्या पानांत एक्का आणि सोबत राजा किंवा राणी असेल, तर तीही उतरतात. पण नुसता एक्का आणि खाली दुऱ्या-चौव्या असतील, तर आंधळ्याच्या निम्म्याहून अधिक हातांना आपण भारी असूनही फार काळ त्याच्याबरोबर चालू नये. आंधळ्याचे बळ त्याच्या धैर्यात नसते, त्याच्या अर्ध्या किमतीत असते. जो स्वस्तात आक्रमण करू शकतो त्याच्याशी महाग भावाने भांडायचे का, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न घेऊन आपण छावणीतून बाहेर पडू आणि पश्चिमेला वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला जाऊ. साल १७२८.

निजामुल्मुल्क त्या वेळी दक्षिणेतला सर्वांत मुरलेला खेळाडू होता. छत्रपती कोण, सातारचे शाहू महाराज की कोल्हापूरचे संभाजी महाराज, हा वाद पुढे करून त्याने चौथाईची रक्कम अडवून धरली. १७२७ च्या पावसाळ्याअखेर बाजीराव पेशवा बाहेर पडला आणि त्याने जालना-सिंदखेडचा मुलूख तुडवला. मग बुऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवून तो खानदेशातून गुजरातेकडे निघून गेला. निजामाने त्याचा नाद सोडला आणि आपली मोठी चाल केली : तो सरळ पुण्यावर आला. बरोबर भक्कम तोफखाना. मराठ्यांच्या घरातच त्याने ठाण मांडले. आता बाजीराव घर वाचवायला धावत येईल आणि तोफांच्या तोंडी सापडेल, असा त्याचा अंदाज होता.

बाजीरावापुढे तीन वाटा होत्या. पुण्यास जाऊन भिडावे, म्हणजे शत्रूच्या भारी हाताला त्याच्याच भावाने शो मागावा. तह करावा, म्हणजे पाने टाकावीत. त्याने तिसरी वाट घेतली. चिमाजी आप्पा शाहू महाराजांना घेऊन पुरंदरावर होते. महाराज सुरक्षित होते आणि पुण्याची राख झाली तरी डाव संपत नव्हता. बाजीराव पुण्याकडे फिरकलाच नाही. तो औरंगाबादेकडे वळला.

या चालीत काय होते ते नीट पाहावे. तटबंदीच्या शहराला वेढा घालील असा तोफखाना बाजीरावाजवळ नव्हता. त्याचे बळ घोड्याच्या पायात होते. निजामाने पुण्यात शांत बसून ‘खुशाल जा’ म्हटले असते तर? पण तो तसे म्हणू शकला नाही, आणि त्याची कारणे दोन. पहिले, औरंगाबाद हे त्याच्या दख्खनच्या सुभ्याचे मुख्य ठाणे होते. ते गमावण्याचा धोका पुणे मिळाल्याने भरून येणारा नव्हता. दुसरे, त्याच मोहिमेत बाजीरावाने त्याचा मुलूख खरोखर तुडवून दाखवला होता. हूल पटते ती मागच्या खऱ्या चालींमुळे. ज्याने कधीच खरा वार केला नाही त्याच्या दटावणीला कुणी भीत नाही.

निजाम पुणे सोडून उत्तरेकडे धावला. वेग हवा म्हणून अवजड तोफा त्याने मागे ठेवल्या. म्हणजे ज्या पानांच्या बळावर तो खेळत होता तीच त्याने आपल्या हाताने खाली ठेवली. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ मराठी घोडदळाने त्याला गाठले, रसद तोडली, पाणी तोडले. मोठी लढाई अशी झालीच नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाने शाहू महाराजांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मला मात्र तिच्यातला एकच धडा मोठा वाटतो : आक्रमकाने जिथे बोलावले तिथे जायलाच हवे असे नाही.

पालखेडला आक्रमकाचा पराभव झाला. पण आक्रमक नेहमी हरतो असे समजून कुणी पट मांडू नये. पंचाहत्तर वर्षांनी, औरंगाबादेच्या ईशान्येला, आजच्या जालना जिल्ह्यात असईच्या रानात उलटे घडले.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर घेऊन आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गोदावरी ओलांडून या भागात आला. बदनापूरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली. दोघांनी वेगळ्या वाटांनी जाऊन २४ सप्टेंबरला मिळून हल्ला करायचा असे ठरले. पण २३ तारखेलाच वेलस्लीला दिसले, की दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची सारी फौज समोर उभी आहे. स्टीव्हन्सन दूर होता. मागे फिरावे तर मराठी घोडदळ पाठीवर येणार. त्याने हल्ल्याचा निर्णय घेतला. वाटाड्ये म्हणाले, कैलना नदीला पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, की पिपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. अशी गावे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा उतार असलाच पाहिजे, हे त्याने ताडले. आणि उतार होता. याला जुगार म्हणत नाहीत. डोळे उघडे ठेवून केलेला हिशोब म्हणतात.

पण समोरची पाने हलकी नव्हती. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन याने झटपट आपली फळी फिरवून शत्रूसमोर आणली आणि गोलंदाज तोफांपाशीच मरेपर्यंत लढले. वेलस्लीचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. रणांगणावर उतरलेल्या सैन्याच्या मानाने ही किंमत भयंकर होती. तरीही तो जिंकला, कारण शिंदे-भोसल्यांचे अफाट घोडदळ जवळजवळ न वापरताच राहिले आणि दोन्ही धनी रणांगण लवकर सोडून गेले. हातात भारी पाने होती. त्यांतली निम्मी न खेळताच खाली ठेवली गेली. आक्रमकाचे खरे भांडवल हेच असते. त्याला प्रत्येक वेळी भारी पाने लागत नाहीत. समोरच्याने मधेच उठावे एवढेच लागते.

जे सेनापतींनी अनुभवाने ओळखले त्याला गणिताची भाषा विसाव्या शतकात मिळाली. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये, पालखेडनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, खेळांच्या सिद्धान्तावर एक निबंध प्रसिद्ध केला. १९४४ मध्ये त्याने मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात पोकरला, म्हणजे ब्रॅगच्या अमेरिकन भावंडाला, स्वतंत्र जागा दिली. त्यातून एक नवल बाहेर आले. हूल हा स्वभावाचा दोष किंवा धीटपणाचा प्रकार नसून चांगल्या खेळाचा आवश्यक भाग आहे. जो कधीच हूल देत नाही त्याच्या भारी पानांना कुणी पैसे देत नाही, आणि जो नेहमीच हूल देतो त्याला सगळेच पकडतात. दुसरे नवल असे, की हूल मधल्या पानांवर देऊ नये. अगदी टाकाऊ पानांवर द्यावी. मधल्या पानांना स्वस्त शो परवडतो. टाकाऊ पानांना दाखवण्यासारखे काहीच नसते.

प्रमाणही मोजता येते. डावात जेवढे पडले आहे तेवढीच मोठी चाल समोरच्याने केली, तर आपण एक टाकून दोन मिळवू पाहतो. तेव्हा त्याच्या तीन चालींत एकाहून अधिक हुली असतील तर आपण भिडावे. एकाहून कमी असतील तर सोडावे. म्हणून चढ्या आवाजाच्या माणसापुढे रागावण्याऐवजी मोजत बसावे. त्याने आजवर उघडी केलेली पाने कोणती, त्यांत पोकळ किती? आळीतले म्हातारे लोक शो झाल्यावर पाने गोळा करण्याची घाई करू देत नसत. ते तेवढा वेळ मागत, ते या मोजणीसाठी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग हा कौशल्याचाच खेळ झाला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे मत सांगितले पाहिजे, आणि ती गोष्टही एका छावणीचीच आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या थोरल्या बहिणीत, सिकंदराबादेत, एका क्लबावर पोलिसांनी छापा घातला. तिथे रमी चालली होती. खटला हैदराबादच्या जुगारविरोधी कायद्याखाली भरला गेला आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला, की रमीत पाने लक्षात ठेवणे, उचलणे, टाकणे हे कौशल्य मुख्य आहे. आणि त्याच निकालपत्रात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ इत्यादी नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरवला गेला. ब्रॅग आणि आपला फ्लश यांचे नाते न्यायालयानेही असे एका ओळीत नोंदवून ठेवले!

मी या निकालाचा पुष्कळ विचार केला आहे. रमीत हाती आलेली पाने सुधारता येतात. तीन पत्त्यांत एकही पान बदलता येत नाही. जे आले ते आले. मग मघाशी मी मोजून दाखवले ते कौशल्य कुठे राहते? ते पानांत नाही; लावलेल्या रकमेत आहे. किती लावावे, कधी थांबावे, कुणापुढे उठावे, एवढ्यातच ते सामावले आहे. आणि म्हणूनच हा खेळ घरे बुडवतो. पानांत कौशल्य असते, तर अडाण्याला ते लगेच उमगले असते आणि तो उठला असता. रकमेतले कौशल्य दिसत नाही. हरणाऱ्याला दर वेळी वाटते की आपले फक्त नशीब फिरले, आणि पुढच्या हाताला ते परत फिरेल. आमच्या छावणीत पगाराच्या रात्री संपलेला पगार मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या बाजारात रिकाम्या पिशवीने उभी राहिलेली बाई पाहिली आहे. तिचा नवरा भित्रा नव्हता. छावणीतला सर्वांत धीट खेळाडू म्हणून त्याची ख्याती होती.

अलीकडे हा पट घराघरांतल्या फोनवर आला. समोर माणूस नाही, आवाज नाही, मोजायला चेहरा नाही. उधारी मात्र खरी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना भेदही बाजूला ठेवला. साठ वर्षे वकिलांनी ज्या रेषेवर वाद घातला ती रेष हरणाऱ्याच्या घरात कधी दिसलीच नव्हती.

आपल्या महाभारतात या विषयावर दोन राजे आहेत. युधिष्ठिराला आव्हान नाकारता येत नव्हते. शकुनी समोर आहे, फासे त्याचे आहेत, हे दिसत असूनही तो बसला. कारण बोलावल्यावर न जाणे त्याला क्षत्रियाला कमीपणाचे वाटले. बाजीरावाने जे पुण्याच्या बाबतीत केले ते युधिष्ठिराला सभेत करता आले नाही. दुसरा राजा नल. तोही सर्वस्व हरला. पण रानोमाळ हिंडून, ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन, तो त्याच्याकडून अक्षहृदय शिकला. झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजणाऱ्या त्या राजाने नलाला फाशांचा हिशोब दिला आणि बदल्यात घोड्यांची विद्या घेतली. नल परत गेला, पुष्कराशी एकच डाव खेळला आणि राज्य जिंकून घेतले.

ही कथा सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पुढचे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. जिंकल्यावर नलाने पुष्कराला अभय दिले, त्याचा वाटा त्याला परत केला, आणि पट पुन्हा मांडला नाही. हिशोब शिकलेल्या माणसाची ती शेवटची चाल होती. यंदा पाडव्याला चटई अंथराल तेव्हा चिंचोके मोजून वाटा, आंधळ्याला खुशाल आंधळे खेळू द्या, शो झाल्यावर पाने नीट पाहा; आणि आजीने जेवायला हाक मारली की डाव अर्धा असला तरी उठा.